रकाना सात

"विभागाच्या उल्लेखनीय उपलब्धी (फक्त अंक लिहा)."
कर्सर लुकलुकतो.
कालिन्यावरून विमान उतरतंय, इतकं खालून
की शेल्फवरचे फ्लास्क एकमेकांना हळूच टेकतात
आणि पुन्हा सभ्यपणे दूर होतात.

शोधनिबंध : दोन.
पेटंट : नाही.
परिषदा : एक, वाशीला, जेवणासकट.
आता मोहिनी भानजीचं काय लिहू?

वेसाव्याची पोर. पहिल्याच दिवशी
स्टीलच्या डब्यात बर्फ, बर्फात बोंबील.
"सर, हा इतक्या लवकर का विरघळतो, ते बघायचंय.
आई म्हणते, बोंबलाला दुपार सोसत नाही.
पण म्हणजे नेमकं काय होतं त्याला?"

मग चार वर्षं.
पहाटे बंदरावर, आठला इथे,
मे महिन्यात स्वेटर घालून चार अंशांच्या खोलीत
वाटणं, गाळणं, फिरवणं,
कॉलममधून थेंब. थेंब. ऐंशी नळ्या.
वरच्या मजल्यावरच्या वनस्पतिशास्त्राने
वासाबद्दल तीन लेखी तक्रारी केल्या
(त्यांना कुठल्या रकान्यात धरायचं?).

एकतिसाव्या नळीत काहीतरी होतं.
दुधाच्या पावडरीचं गढूळ पाणी
दहा मिनिटांत काचेसारखं.
जेलवर एक पट्टी, केसाएवढी.
मी विभागप्रमुखांना हात धरून आणलं. पेढे आले.

त्याच पावसाळ्यात, शनिवारी रात्री,
वजा ऐंशीचा फ्रीजर मेला.
लवू धुरीने फोन केला : "सर, ह्यो गरम श्वास टाकताहा."
मोहिनीचे काका टेम्पोतून लाद्या घेऊन आले,
लवूने लाद्या फोडल्या, वर पाच किलो खडे मीठ,
आणि उजाडेपर्यंत तो फावड्याने ढवळत राहिला.
कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये नाही हे.
नळ्या वाचल्या. बहुतेक.

आणि मग पट्टी कापून पुण्याला पाठवली,
तिचं नाव विचारायला.
उत्तर एका ओळीचं :
केरॅटिन. मानवी.

म्हणजे कातडी. नख. कोंडा.
मोहिनीची, किंवा माझी,
किंवा लवूची, त्या रात्रीची.
तीन वर्षं माशात शोधत होतो
आणि जेलवर उमटलो आम्हीच.

निबंध तेव्हा स्वीकारला गेला होता.
छापायला आठ दिवस होते.
मी म्हटलं, थांबू जरा, विचार करू.
(हे लिहिताना माझे कान तापतात.)
ती थांबली नाही. संपादकांना तिनेच लिहिलं.
मला म्हणाली, "सर, पाणी काचेसारखं झालं ते खरंय.
पट्टी खोटी आहे.
एक खरं आहे म्हणून दुसरं कसं ठेवायचं?"

म्हणून दोन.
नाहीतर तीन लिहिले असते मी.

रकाना सात. शून्य टाकलं
तर चौकट लाल होते : "वैध संख्या भरा."
एक टाकतो. कशाचा एक? पुसतो.
अक्षरं तो घेतच नाही,
'मीठ' लिहून पाहिलं, 'मोहिनी' लिहून पाहिलं.

लवू किल्ल्या वाजवत दारात.
"सर, सात वाजले. तिका सांगा घरी जा म्हणान,
माझा ऐकणा नाय."
थंड खोलीच्या काचेआड ती,
दोन-दोन हातमोजे, केसांवर टोपी, तोंडाला फडकं,
स्वतःला जितकं झाकता येईल तितकं झाकून
पुन्हा पहिल्या नळीपासून.

तिच्या पुढ्यात पाणी स्वच्छ होत चाललंय.
कोण करतंय, अजून दिसत नाही.