अगं

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले
तर अख्खा वर्ग उठून उभा राहिला.
मी मागच्या बाकापर्यंत चालत गेले, बसले,
तेव्हा कुठे एकेक जण खाली बसला,
हसू दाबत.
फॉर्म उशिरा भरला म्हणून माझा नंबर शेवटचा.
एकतीस, खैरनार कुंदा.
मी "हजर" म्हणाले.
बाकीचे "येस मॅम" म्हणतात.

पासाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला,
मुलीला स्वतः यायला सांगा, फोटो जुळला पाहिजे.
मी चष्मा काढून दाखवला.

वारज्याहून विद्यापीठ, दोन बस.
कर्वे रस्त्यावर बसायला मिळालं तर स्वनविज्ञान,
डेक्कनला उतरून दुसरीत उभ्यानं थोडं रूपविज्ञान,
गणेशखिंडीत डुलकी.
पर्समध्ये पेनाशेजारी ह्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी,
एकदा तीच सबमिट करणार होते.

चपातीतला च वेगळा, चटणीतला च वेगळा,
जीभ कुठे टेकते बघा, म्हणाल्या शाल्मली मॅडम
(माझ्या धाकट्या नणंदेहून अकरा वर्षांनी लहान).
डबा उघडून बघितला. दोन्ही होते.
इतकी वर्षं दोन्ही करत आले,
जिभेला माहीत होतं, मला नव्हतं.

मुलांची पंचाईत वेगळीच.
आधी मॅम म्हणायची. मग काकू.
काकू म्हटल्यावर मी वळून बघेना,
तेव्हा दिवाळीनंतर त्यांनी कर्ताच गाळून टाकला.
"नोट्स मिळतील का?"
"कॅन्टीनला यायचंय का?"
हे व्याकरण मला पाठ आहे.
लग्नानंतर वर्षभर मी ह्यांच्याशी असंच बोलायचे.
पाणी तापलंय.
पान वाढलंय.

ग्रुपची मीटिंग रात्री नऊला, हॉस्टेलच्या गच्चीवर.
नऊला ह्यांचं इन्सुलिन, मग जेवण.
मी फोन डब्याला टेकवून ठेवते,
कुकरची शिट्टी झाली की तन्वीर म्हणतो,
मुद्दा मान्य आहे.
एकदा दुपारचा तास बुडवून सगळ्यांबरोबर
वडापाव खायला गेले, पार औंधपर्यंत,
आणि घरी फोन करून सांगितलं, लेक्चर वाढलंय.
किती सहज आलं ते वाक्य.
ह्यांनी विचारलं, एवढा आवाज कसला?
म्हटलं, चर्चा चाललीय.

पायल वळवी धडगावची.
तिच्याकडे म्हणे आजोबालासुद्धा तूच म्हणतात.
जानेवारीत लायब्ररीच्या पायऱ्यांवरून ओरडली,
"अगं कुंदा, वही विसरलीस तुझी!"
दोन पोरांनी जीभ चावली.
मी वर गेले, वही घेतली,
पुन्हा खाली आले.
गुडघा दुखला असणार, आठवत नाही.

आता हा स्वाध्याय :
घरातलं दहा मिनिटांचं सहज बोलणं रेकॉर्ड करा,
एका शब्दाचे चढउतार काढा.
फोन ओट्यावर ठेवून विसरून गेले.
ऐकलं तर दहा मिनिटांत ह्यांचं चौदा वेळा अगं.
रिमोट कुठाय-चं अगं, नुसतंच अगं,
कोण आलंय बघ-चं,
आणि एक अगदी शेवटी, खाली उतरत गेलेलं,
ज्याच्यापुढे काहीच नाही.
चौदा रेघा काढल्या आलेखाच्या कागदावर.
एकही दुसरीसारखी नाही.
पायलचं अगं ह्या टेपवर नाही, नियमात बसत नाही,
म्हणून समासात पेन्सिलीनं काढून ठेवलंय,
सरळ वर गेलेलं.

अकरा छप्पन्न. एकोणसाठला खिडकी बंद.
फाइल चढतेय, गोल फिरतोय.
आतून हाक आली. पंधरावी.
मी म्हटलं, थांबा जरा.
थ :
दंत्य, अघोष, महाप्राण.