प्रकरण चौथं, पुन्हा

पायसांदूत जुलैची थंडी.
येर्बा-मातेचा तुंबा गार पडलाय
आणि चौथं प्रकरण अजून
"मला लहानपणापासून ठाऊक होतं"
या वाक्यापाशी अडून.

हे वाक्य माझं नाही.
वकीलबाई बेतानकोर यांचं ते,
प्रतिज्ञापत्र, परिच्छेद तीन.
"न्यायाधीशांना सरळ रेघ आवडते, नीडिया.
वळणं घरी ठेव."
ठेवली.
शपथेवर सांगितलं : आरसा, आईचा झगा, वय वर्षं सहा.
मग सात वर्षं तारखा, दोन अपिलं,
दाखल्यासाठी तीन डॉक्टरांपुढे उतरवलेले कपडे,
आणि शेवटी जन्मनोंदीच्या वहीत
जुन्या नावावर तिरकी रेघ,
समासात बारीक अक्षरात मी.
त्या चिंचोळ्या समासातून पुढे
एकोणीस जणी गेल्या. तीन पुरुषही.
माझ्या खटल्याचा क्रमांक त्यांना पाठ आहे.

आता खरं लिहायचं तर
झगा खरा.
आरसा घरात नव्हताच,
बाबांची दाढीची काच तेवढी, तळहाताएवढी,
तीत एका वेळी एकच गाल दिसायचा.
आणि मला ठाऊक नव्हतं.
तिशीपर्यंत बरंचसं ठाऊक नव्हतं.

शिवाय ती एक पहाट.
नदीवर धुकं, पलीकडचा अर्जेंटिना पुसलेला,
गळाला झटका, होडीत आपटणारा सोनेरी दोरादो,
आणि बाबा, कधी न हसणारे, ओरडले, "शाब्बास लेका!"
मी खूश झालो.

झालो.
दहादा खोडून "झाले" केलं.
व्याकरणात बसतं,
होडीत बसत नाही.

दोरिता फोनवर चिडली :
"हे छापलंस तर ते म्हणतील, बघा,
हिचीच खात्री नव्हती.
ज्या पोरींचं प्रकरण अजून कोर्टात आहे त्यांचं काय?"
चूक नाही तिचं.
माझी बहीण क्वचितच चुकते,
म्हणून तिला फोन करायला मी टाळते.

वकीलबाई गेल्या मार्चमध्ये.
वळणं आता बाहेर काढू का,
हे विचारायचं कुणाला?

पाणी पुन्हा तापत ठेवलं.
"ठाऊक होतं" खोडलं.
"झालो" राहू दिलं, त्या एकाच पानावर,
पुढच्या ओळीपासून मी पुन्हा माझी.

तो मासा आम्ही काठावरच भाजला.
बाबांनी काटे काढून माझ्या हातावर ठेवला.
मी लिहिताना
काढत नाहीये.