दुसरा रकाना

आमच्या गावचा पूल सोळा मीटर सदुसष्ट सेंटिमीटर.
तीन फेऱ्या मारल्या की पन्नास होतात, वर एक सेंटिमीटर उरतो.
तो वर्ताळा, स्तेइनव्होर म्हणायची,
समुद्र मापात देत नाही, आपणही मापात पोहायचं नाही.

जमिनीतून येणारं ऊन पाणी, अंड्याच्या वासाचं,
वर बर्फ भुरभुरतोय,
वाफेत आम्हा अकरा पोरांची नुसती डोकी.
काठावर ती. रबरी बूट, नवऱ्याचा ओव्हरकोट,
गळ्यात शिट्टी, पण ती कधी वाजवली नाही.
हातातली होडीची आकडी फरशीवर आपटायची,
टक, टक.
पाण्याखाली तेच आधी ऐकू येतं.

तिच्या वहीत दोन रकाने.
पहिल्यात शंभर मीटरची वेळ, सेकंदाच्या दशांशापर्यंत.
दुसऱ्यातही वेळच,
पण बापाचा लोकरी स्वेटर, जाड विजार आणि बूट घालून.
"पोहायच्या चड्डीवर कोण बुडतं?
माणसं बुडतात ती कामावरच्या कपड्यांत."

राजधानीहून महासंघाचा एक माणूस आला होता,
म्हणाला, याने पोरांचे खांदे जातील, लय जाईल.
तिने त्याला कॉफी दिली.
मग स्वेटर दिला.
दुसऱ्या फेरीत तो आकडीला लोंबकळत बाहेर आला.

एक्केचाळीस वर्षं.
काल सत्कार झाला, शाळेच्या जिमखान्यात.
पितळी पाटीवर तिच्या नावातले दोन ठिपके राहून गेलेले.
भाषणात एक ब्राँझ, जिल्ह्याचे चार विक्रम
(त्यातले दोन आता दुसऱ्यांच्या नावावर),
आणि "अमूल्य योगदान" पाच वेळा, मी मोजलं.
ती केक खात होती.

निघताना मासळीच्या खोक्यात भरून वह्या दिल्या मला.
"तू तिकिटं फाडतेस तिथलं कपाट रिकामंच असतं ना?"

रात्री उघडली ती अठ्ठ्याऐंशीची. दुसरी कुठली उघडणार?

केतिल. एक मिनिट चार, दशांश दोन.
पुढचा रकाना कोरा.
कडेला पेन्सिलीने: कान दुखतो म्हणतो. पुढच्या आठवड्यात.

पुढच्या आठवड्यात पंप बिघडला.
त्याच्या पुढच्या आठवड्यात हंगाम लागला,
आणि माझा भाऊ सतरा वर्षांचा होता.

'स्वाला' उलटली तेव्हा बंदराचा दिवा तीनशे मीटरवर होता.
होडीवर चौघे.
तिघे खडकांवरून चालत वर आले, पायात बूट.
त्या तिघांची नावं वहीत आहेत.
दोन्ही रकाने भरलेले.

पुढच्या वर्षी मला ताप होता.
आईची चिठ्ठी होती, डॉक्टरचा सही-शिक्का होता.
स्तेइनव्होरने चिठ्ठी वाचली, घडी घातली,
आणि स्वेटर पुढे केला.
मी रडत सहा फेऱ्या मारल्या. तिला काय काय म्हटलं
ते पाण्यालाच ठाऊक.
आई भांडायला आली नाही.
दाराशी कोरडा टॉवेल घेऊन उभी राहिली.

काल रात्रीपर्यंत मला वाटायचं, बाई दगडाची.

नंतरच्या सत्तावीस वह्या.
प्रत्येकीच्या पहिल्या पानावर, त्या वर्षीच्या पोरांच्या आधी,
केतिल.
पहिला रकाना तोच, एक मिनिट चार, दशांश दोन.
दुसरा कोरा.
दर सप्टेंबरला, ताज्या शाईने.

खोकं कपाटात ठेवलं. कुलूप नाही लावलं.

आज सकाळी नवा प्रशिक्षक आला, पोलंडचा, व्होइत्सेह.
अंगाने बारीक, गळ्यात दोन स्टॉपवॉच.
मागच्या खोलीतल्या खुंट्यांवरचे
ते अकरा जुने, घट्ट झालेले, कुबट स्वेटर
नाकाला हात लावून बघत राहिला.
टाकून द्यायचेत का, विचारलं त्याने.

म्हटलं, राहू देत.
शुक्रवारी लागतील.
आणि वाळायला त्यांना दोन दिवस लागतात.