परवानगी नाही

गावाचं नाव पाटीवर स्लेथवेट,
माणसांच्या तोंडी स्लॉविट.
लिहिलेला पत्ता आणि खरा पत्ता
यांच्या मधे नेहमी कुणीतरी बसलेलं असतं,
हे मला आल्या आठवड्यातच कळलं होतं.

हेडली ओल्डरॉइडच्या तळघरात
कालव्याची ओल भिंतीतून वर चढते.
टेबलावर सुताचा काटा, झाकण उघडं,
आत आठ पायांची चिप,
तिच्यात कुठेतरी एक चुकीचा बाइट:
किलोमागे तीन ग्रॅम जास्त.
गिरणी बंद होऊन वीस वर्षं झाली.
पण तीन ग्रॅम म्हणजे तीन ग्रॅम, तो म्हणतो.

चिप लिहायचा प्रोग्रॅम त्याचाच,
डॉसमधला, एक्क्याण्णव सालचा.
तेव्हा कुणी विचारत नसे.
पोर्टमध्ये तो थेट हात घालायचा,
आपल्याच शर्टाच्या खिशात घालावा तसा.
ते मशीन मेलं. आता हे सगळं
माझ्या बीएसडीवर आणायचं.

मी रूट. म्हणजे घरची मालकीण,
सगळ्या किल्ल्या कमरेला.
तरी कर्नल सोवळ्यात बसलेला:
काय हवं ते लांबून सांग,
शिवू नकोस.

(तीन पिढ्यांमागे आमच्या गावातही
पाणी लांबून वाढायचे.
आम्ही वाढणारे होतो की ओंजळ धरणारे,
ते मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.)

कोड चारदा वाचला. पोर्टचा आकडा तपासला, बरोबर.
परवानगी नाही.
केबल बदलली. अर्थातच परवानगी नाही.
हेडलीने चहा आणला, कडक, दूध नावाला.
"मशीन तुझं ना?" तो म्हणाला.
"मग अडवतंय कोण?"

रात्री साडेदहाला सापडलं.
सुरक्षेची पातळी: दोन.
दोन वर्षांपूर्वी कसलीशी बातमी वाचून, घाबरून,
मीच चढवलेली. आणि विसरलेली.
ही पातळी फक्त चढते.
चालत्या मशीनवर ती उतरवता येत नाही,
मालकिणीलाही नाही.
सेटिंग बदलायचं, सगळं विझवायचं,
पुन्हा पहिल्यापासून उठायचं.

उठलं. पोर्ट उघडलं, कुरकुर न करता.
आधी चिप पुसली.
पुसलं की शून्य होतं असं मला लहानपणापासून वाटे;
इथे पुसलं की सगळे एक होतात,
एकापुढे एक, एकापुढे एक,
आणि लिहिणं म्हणजे
त्यातल्या काहींना खाली बसवणं.

पहिल्यांदा पडताळणी चुकली,
कर्नल मधेच दुसऱ्या कुणाकडे बघायला गेला होता.
हेडलीने वेळेची ओळ दाखवली, नखाने.
डॉसला एकच काम असायचं, तो म्हणाला,
जरा कौतुकाने, जरा कीव केल्यासारखं.
वेग कमी केला. जुळलं.

त्याने पितळी वजन रुमालाने धरून ठेवलं
(बोटांचा घामही वजन असतो).
एक हजार.
मग उचललं, पुन्हा ठेवलं.
एक हजार.

"कोण अडवत होतं मग?"
"मी," म्हटलं.
त्याने मान हलवली, काट्याचं झाकण लावलं,
आणि चारही स्क्रू
हातानेच, हळू, शेवटपर्यंत पिळले.