सुतळीवरची वर्षं

बेटावदची शाळा, चौथीचा वर्ग.
खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत
मी सुतळी बांधली. एका वर्षाला एक वीत.
कपड्यांच्या चिमट्यांनी टांगले कागद:
सत्तावन्न, पहिला उपग्रह, वजन त्र्याऐंशी किलो.
"म्हंजे कापसाचं गाठोडं," वाल्मीक म्हणाला.
त्याच साली लायका.
एकसष्ट, पहिला माणूस.
एकोणसत्तर, चंद्र.
पंच्याहत्तर, आपला आर्यभट.

पाठ छान चालला होता.
मागून रोशना मालचे उठली:
"सर, ती कुत्री परत कव्हय उनी?"

माझ्या टाचणात तारीख होती, यानाचं नाव होतं.
तिला परत आणायची सोयच केली नव्हती,
हे मी हातातल्या खडूला सांगितलं.

"मंग तिले कोनी सांगेल व्हतं का?"

पांझरेच्या अंगाला कुणाचा तरी पंप फटफटत होता.
तास संपायला अजून वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी लायकाच्या चिमट्यात
कळण्याच्या भाकरीचा तुकडा.
कुणी लावला, मी विचारलं नाही.
केंद्रप्रमुखांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, शैक्षणिक साहित्य.
त्यांनी वहीत तसंच लिहून घेतलं.

शनिवारी गजावरून मुंग्या चढल्या.
कण उचलून सुतळीने निघाल्या,
एकसष्ट ओलांडून,
चंद्रापाशी जरा घुटमळून,
थेट फळ्याच्या खिळ्याकडे, भिंतीतल्या भेगेत.

रोशना बाकावर उभी.
शिवत नव्हती, नुसती मोजत होती
गेल्या किती,
आल्या किती.