रेघा

भिंतीवर बोटं मुंगीसारखी चढवायची,
कुर्टीची फिजिओ, मिस रेबेलो, सांगते.
दिवसातून तीनदा. खांदा कानाकडे न्यायचा नाही.

म्हार्दोळच्या आमच्या भिंतीवर
रेघा होत्याच : रोहिदासची उंची,
दर चवथीला मोजलेली.
पहिल्या आठवड्यात त्याच्या पाचव्या वर्षाशीच अडकले.
पाठचा हूक तेव्हा शेवंती लावायची.

मग वाकून हात नुसता लोंबता सोडायचा,
विहिरीतल्या रिकाम्या कळशीसारखा,
गोल, हळू.

काल बारावं वर्ष ओलांडलं.
जायांच्या मांडवाची खालची फांदी हाताला लागते,
वरच्या कळ्या अजून शेवंतीच्या.

रोहिदास बोटीवर आहे, आठ महिने झाले.
त्याची शेवटची रेघ
दाराच्या कडीच्याही वर.
दुपारची पाळी राहिलीय.