किमान वीस महिने

शिक्षेत 'किमान' असा एक शब्द होता,
आम्ही तो ऐकलाच नाही.
आईनं दोन कॅलेंडरं मिळून वीस पानं मोजली,
शेवटच्या पानावर पेनानं मासा काढला.
ग्रिम्सबीत आनंदाची खूण दुसरी कुठली काढणार?

एक फोन हिसकावला. एक धक्का, एक फुटलेला ओठ,
एकवीस वर्षांचा किअरन, पोटात बिअर.
चूक होती. तो स्वतःच म्हणतो, होती.

वीस महिन्यांनी विचारलं, आता?
म्हणाले, आधी रागावरचा कोर्स कर.
कोर्स त्या तुरुंगात नव्हता,
होता तिथं अडीच वर्षांची रांग.
रांगेत राग आला,
तो कागदावर चढला.

मग लंडनमध्ये त्यांनी तो कायदाच रद्द केला.
मी कारखान्यातून, हॅडॉक सोलता सोलता,
बर्फानं बधिर बोटांनी वकीलबाईंना फोन लावला.
त्या म्हणाल्या, हे यापुढच्यांसाठी, लॉरेन.
म्हणजे विहीर बुजवली,
आत पडलेल्याला आत ठेवून.

एकदा सोडलंही होतं. अकरा आठवडे.
माझ्याकडे जेवला, भांडी विसळली,
दार उघडं असलं की उठून लावायचा.
बस चुकली, हॉस्टेलवर चाळीस मिनिटं उशीर,
की परत आत.

भेटीच्या खोलीत परवा म्हणाला,
शेजारच्या कोठडीत खुनी आहे,
त्याला तारीख आहे. तो भिंतीवर रेघ मारतो.
मी रेघ मारली
तर ती कशातून वजा करू?
मग चहाचा कागदी कप चेपत
विचारलं, टाकीवरचा पक्षी अजून येतो का?
कुठली टाकी? ती पाडून बारा वर्षं झाली.
येतो, म्हटलं.

यंदा पुन्हा चर्चा आहे.
काहीजण म्हणतात, सगळ्यांची शिक्षा नव्यानं ठरवा.
मंत्री म्हणतात, लोकांच्या सुरक्षिततेचं काय?
लोकांत मीही येते.
मला कुणी विचारलं नाही.

आई गेली त्याला चार वर्षं झाली.
तिचं २००९चं कॅलेंडर ट्रंकेत सापडलं.
यंदा वार-तारखा तंतोतंत जुळतात,
म्हणून तेच टांगलंय फ्रिजवर.
नवं घ्यायचे पैसे वाचले.
मासा ऑक्टोबरात आहे.